कोठीत वह्या ठेवणाऱ्या बाई

पुण्याजवळच्या मांजरीत ज्या सोसायटीच्या मागे अजूनही ऊस उभा असतो, तिथे तळमजल्यावर बाई राहायच्या. दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण त्यांच्याकडे वही करायला शिकायला जायचो. लगद्यापासून सुरुवात. कागद, शिलाई, पुठ्ठा, वरचं कापड सगळं हातानं करायचं आणि मग आत चित्रं, चिकटवलेल्या वस्तू, चार ओळी, ज्याला जे वाटेल ते. हल्ली त्याला जर्नल म्हणतात. बाई 'वही'च म्हणायच्या. जर्नल म्हटलं की कुणीतरी काहीतरी विकायला आलंय असं वाटतं, असं त्यांचं मत होतं.

आत जाण्याआधी मोबाईल जमा करावा लागे. दाराशी एक स्टीलचा पिठाचा डबा होता. सगळ्यांचे फोन त्यात पडले की बाई झाकण लावायच्या आणि डबा स्वतःच्या खुर्चीखाली सरकवायच्या. मधेच कुणाचा तरी फोन थरथरायचा, डबा घुमायचा आणि आम्ही सगळे हातातलं दाभण तसंच धरून त्या डब्याकडे बघत बसायचो.

"महत्त्वाचं असेल तर पुन्हा करतील," बाई म्हणायच्या.

पुन्हा आला की म्हणायच्या, "चिकट दिसतोय माणूस."

बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. नाव काय, कुणीही कुठलंही सांगतं, असं त्यांचं म्हणणं. मी अमरावतीची म्हणून मी 'अमरावती'. वाघोलीच्या एका डिझाइन कॉलेजातली केतकी यायची, ती 'कॉलेज'. त्याच सोसायटीतल्या दोन गृहिणी होत्या, त्या 'बी विंग' आणि 'सी विंग'. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बाईंपेक्षा वयानं लहानच, पण त्यांना बाई 'काका' म्हणायच्या. एवढा एकच आपलेपणाचा शब्द त्या घरात ऐकू यायचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी दाराच्या भिंगातून मला इतका वेळ न्याहाळलं की मी नकळत केस सारखे केले.

"कोण?"

"क्लाससाठी आले होते."

"कुणी सांगितलं क्लास आहे म्हणून?"

"खाली बोर्डवर कागद लावलाय ना तुम्ही."

"तो सोसायटीतल्या लोकांसाठी आहे. तुम्ही सोसायटीत कशाला आला होतात?"

मैत्रिणीकडे आले होते असं सांगितलं. मैत्रीण कोण, कितव्या मजल्यावर, तिची ओळख कुठली, हे सगळं बंद दारातून झालं. मग साखळी लावूनच दार थोडं उघडलं. एक चष्मा आणि पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसला.

"नोकरी काय करता?"

"आरोग्य विम्याचे दावे तपासते. खराडीला ऑफिस आहे. लोक हॉस्पिटलची बिलं पाठवतात, त्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं ते बघायचं."



"म्हणजे पगार घेऊन संशय घेता," बाई म्हणाल्या. "आम्ही फुकट घेतो. या."

त्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्तीनंतर पेठेतली जागा सोडून इकडे आल्या. लग्न केलेलं नव्हतं. याहून जास्त माहिती त्यांनी दिली नाही. दिली तीही एकदम नाही, आणि त्यातली किती खरी हे मला आजही सांगता येणार नाही. उदाहरणार्थ, स्वतःच्या वह्या त्या कुणालाच का दाखवत नाहीत, याची त्यांनी तिघांना तीन कारणं सांगितली होती. काकांना सांगितलं, की लहानपणी बहिणीनं वही वाचून वडिलांना सांगितलं होतं. केतकीला सांगितलं, की शाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्यांची चित्रं स्वतःच्या नावानं स्पर्धेला पाठवली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला आवडत नाही." दावे तपासायच्या सवयीप्रमाणे मी पहिल्या दोन्हींसमोर प्रश्नचिन्ह टाकलं. तिसरं मला पटलं.

त्या वह्या आतल्या खोलीत पत्र्याच्या धान्याच्या कोठीत असायच्या. जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेल्या, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. कोठीला कुलूप. एकदा दार अर्धवट उघडं राहिलं होतं तेव्हा कोठीचं झाकण वर दिसलं. वह्यांचे कणे एकमेकांना चिकटून बसलेले. बाईंनी माझी नजर पाहिली, उठल्या आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी चहा आला नाही.

बाजारचा गोंद त्यांच्याकडे चालत नसे. "डब्यावर लिहीत नाहीत तेच आत जास्त असतं," म्हणायच्या. मैद्याची खळ त्या स्वतः शिजवायच्या, किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. कागदासाठी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणायची, शिजवायची, कुटायची, त्यात जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्यांचा लगदा मिसळायचा आणि जाळीवर पातळ थर पसरायचा. वाळलेला कागद फिकट पिवळा व्हायचा. उजेडात धरला की आत उसाचे धागे दिसायचे, प्रत्येक कागदात वेगळे. बाई कागद उजेडात धरायच्या, वास घ्यायच्या, कानाशी वाजवून बघायच्या. त्यांनी स्वतःच केलेला कागद असला तरी.

वहीत तारीख घालायला बंदी होती.

"उद्या कुणी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, तर?" त्या म्हणायच्या.

"कोण विचारणार बाई?" काका हसायचे.

"विचारणाऱ्याला कारण लागत नाही, काका."

असं सगळं असूनही आम्ही जायचो. का जायचो ते सांगते. आपल्या वहीची शिलाई बरोबर झाली आहे का हे दाखवायला बाईंकडे दिली, की त्या डोळे मिटून घ्यायच्या. डोळे मिटून कण्यावरून बोट फिरवायच्या, कुठे दोरा सैल आहे ते बोटानंच ओळखायच्या आणि मिटल्या डोळ्यांनीच वही परत करायच्या. आतलं एक अक्षरसुद्धा चुकून दिसू नये म्हणून. दिवसभर दुसऱ्यांच्या सोनोग्राफ्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या उलगडून वाचायच्या हे माझं काम. ज्या पानाचा पुरावा कुणी मागणार नाही असं एक पान मला हवं होतं. ते तिथे मिळत होतं.

त्या वर्षी श्रावणात काका यायचे बंद झाले. त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. काकांनी फोन करून कळवलं तेव्हा बाईंनी फोनवर फक्त "हं, हं" केलं. मग पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "अमरावती, हडपसरच्या त्या हॉस्पिटलात तुमचं येणंजाणं असेल."

"माझं येणंजाणं बिलांपुरतं आहे, बाई."

"तेवढं पुरे. मला रस्ता माहीत नाही."

आम्ही रिक्षानं गेलो. सगळ्या वाटेत बाईंनी एक जाड कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मी धरू का म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर बघायला लागले. वॉर्डात एकालाच सोडत होते म्हणून मी खाली थांबले. बाई बऱ्याच वेळानं आल्या. पिशवी घडी करून हातात होती.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"डॉक्टर बऱ्या आहेत म्हणतात," बाई म्हणाल्या. "म्हणजे बऱ्या नसाव्यात."

नवरात्राच्या सुमारास काकांच्या पत्नी गेल्या. काका मग कोथरूडला मुलीकडे राहायला गेले, आणि रविवारी त्यांची जागा रिकामी राहू लागली. बाईंनी तिथे दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. बी विंगनं एकदा चुकून तिथे पर्स ठेवली, ती बाईंनी उचलून तिच्या मांडीवर दिली.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी केतकी उशिरा आली, धापा टाकत, हातात एक छापील डायरी.

"बाई, हे बघा ना! कोथरूडला एक्झिबिशन होतं, तिथे मिळाली. एक्झॅक्टली तुमच्यासारखं आहे, मी तर शॉकच झाले!"

आम्ही माना वर केल्या. डायरीच्या मुखपृष्ठावर फिकट पिवळ्या कागदावरचं एक चित्र होतं. मांजरीत ऊस तोडल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा काळ्या राखेचे तुकडे उडत उडत घराघरात येतात. तसेच तुकडे ओल्या कागदावर जिथे पडले तिथेच राहू दिले होते आणि प्रत्येकाला बारीक कुंचल्यानं चोच, डोळा आणि पाय काढले होते. कावळ्यांची शाळा भरली होती. एक कावळा फळ्यापाशी, बाकीचे ओळीत, आणि एक अगदी कोपऱ्यात, पायाचे अंगठे धरून ओणवा. बघताच हसू येईल असं चित्र. मला आलंच.

बाईंनी डायरी घेतली. खिडकीशी नेली. वास घेतला. मग टेबलावर ठेवून चष्मा पुसला.

"कागद माझा नाही, छापील आहे," त्या म्हणाल्या. "पान माझं आहे."

 छापील चित्रातसुद्धा उसाचे धागे स्पष्ट दिसत होते.

"कुठून आणलीस म्हणालीस?"

"एक्झिबिशनमधून. स्टॉल होता एक, तिथे..."

"आणि तडक माझ्याकडेच आणलीस."

"हो, मला वाटलं तुम्हाला..."

"माझं तोंड कसं होतं ते बघायला."

केतकीला आधी ते कळलंच नाही. ती हसत होती. मग तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. "बाई, तुम्हाला काय म्हणायचंय? मी चोरलं? मी चोरलं असतं तर तुम्हाला आणून दाखवलं असतं का?"

"हुशार माणूस आणूनच दाखवतो."

केतकी उभी राहिली. तिची वही अर्धी शिवून झाली होती, दोरा सुईतच होता. बाईंच्या खुर्चीखालून तिनं डबा ओढला, स्वतःचा फोन काढला आणि निघाली. दारातून एवढंच म्हणाली, "माझा फोन तर नेहमी तुमच्याच खुर्चीखाली असतो, बाई." आवाज फुटला होता. वही तिथेच राहिली.

त्यानंतर त्या घरात बसणं कठीण झालं. पुढच्या रविवारी बाईंनी येताना आणि जाताना पिशव्या तपासल्या. बी विंगला विचारलं, तुमचे मिस्टर छपाईच्या धंद्यात आहेत ना? ते प्लंबिंगच्या सामानाच्या धंद्यात होते. सी विंगला विचारलं, कोथरूडला तुमचं कोण राहतं? दोघी एकत्रच यायच्या बंद झाल्या. सोसायटीच्या गेटपाशी भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तुम्ही कशा जाता हो अजून?" म्हणताना दोघी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्यावरून त्यांचा संशय कुणावर आहे तेही कळलं.

मग माझी पाळी आली.

"तुमच्या ऑफिसात स्कॅनर असेल," बाईंनी कण्याला खळ लावता लावता विचारलं.

"आहे."

"चांगला?"

"बाई, सरळ विचारा ना."

"सरळ विचारल्यावर कुणी सरळ सांगतं का? तुम्हाला तर ठाऊक असायला हवं. खोटं कसं पकडतात हे ज्याला कळतं, त्याला ते कसं लपवायचं हेही कळत असेल."

मी खळीचा कुंचला धुऊन ठेवला आणि निघाले. आजवर मी कितीतरी लोकांना फोन करून अगदी याच आवाजात विचारलं होतं, की ही तपासणी खरंच झाली होती का? समोरच्याचा आवाज का चढतो ते त्या दिवशी कळलं. आठवडाभर मी रागावलेली होते, आणि रागाच्या भरात मीही प्रत्येकावर संशय घेतला. केतकीवर घेतला, कारण तिला इंस्टाग्रामवर चित्रं टाकायची हौस होती. बी विंगवर, सी विंगवर घेतला. सोसायटीत पेस्ट कंट्रोलला येणाऱ्या माणसावर घेतला. एकदा तर वाटलं, बाईंनी स्वतःच ते पान विकलं असेल आणि आता कांगावा करत असतील.

उत्तर सापडलं ते ऑफिसात, एका दाव्याची फाइल बघताना. त्या माणसानं दहा गोष्टींचं स्पष्टीकरण पाठवलं होतं आणि नेमक्या एका गोष्टीबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. अशा वेळी आम्ही तीच एक गोष्ट आधी बघतो. आणि एकदम मनात आलं, बाईंनी सगळ्यांना सगळं विचारलं. फोन, स्कॅनर, नवरा, कोथरूड. पण एक प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही: तुम्ही ते पान पाहिलं कधी?

कारण आमच्यापैकी कुणी ते पाहिलंच नव्हतं. ते कोठीत होतं. कोठीचं कुलूप फुटलं नव्हतं. म्हणजे वही बाहेर निघाली ती बाईंच्या हातानं. आणि मला ती रिक्षा आठवली, जाताना मांडीवर घट्ट धरलेली पिशवी आणि येताना तिची झालेली घडी.

शनिवारी दुपारी मी ऑफिसातून परस्पर मांजरीला गेले. या वेळी भिंगातून बघण्यात फार वेळ गेला नाही. आत टेबलावर केतकीची अर्धवट वही होती. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ पांढरं फडकं घातलेलं. चोराच्या वस्तूवर कुणी फडकं घालत नाही.

"बाई, कावळ्यांची ती वही तुम्ही हॉस्पिटलात नेली होती ना?"

बाई दोऱ्याला मेण लावत होत्या. लावत राहिल्या.

"त्यांना बोलता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "टीव्ही नको, पेपर नको. काका म्हणाले, बाई, काही चित्रं असतील तर द्या, नुसती बघेल. मी म्हटलं, कुणाला दाखवू नका. ते म्हणाले, नाही दाखवत."

"मग?"

"मग काही नाही. कावळ्यांच्या पानावर त्या हसायच्या म्हणे. अर्ध्या तोंडानं. रोज तेच पान काढायला लावायच्या. त्या गेल्यावर काकांनी मुलीच्या हाती वही परत पाठवली. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हं."

"आणि तरी केतकीला चोर म्हणालात? मला? त्या दोघींना?"

"कुणाला तरी म्हणायला हवंच होतं ना."

"का पण?"

बाईंनी दोरा खाली ठेवला. "वही मी एकदाच दिली. आयुष्यात एकदाच. आता त्यांच्याबद्दल तसं मनात आणलं तर माझ्याकडे काय राहिलं?" मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आणि कॉलेजचं काय, लहान आहे. चिडेल, चार दिवसांनी परत येईल. काका दुखावून गेले तर परत येणार नाहीत. बायको गेलीय माणसाची. त्यात मी जाऊन विचारू, का हो, तुम्ही फसवलंत का?"

"केतकी आलेली नाही, बाई. महिना होत आला."

"ते दिसतंय मला."

मी खूप बोलले त्या दिवशी. अमरावतीचा आवाज चढला की चार घरांना ऐकू जातो. म्हटलं, तुमचा एक विश्वास शाबूत राहावा म्हणून एका पोरीला चोर ठरवणं हा कुठला न्याय? ती रात्र रात्र बसून फी भरण्यापुरती कामं करते, त्यातून रविवार काढून वाघोलीहून मांजरीला येते, आणि तुम्ही तिला बाहेर काढलंत. बाई ऐकत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "खिडकी लावा, बी विंग ऐकत असेल." मी लावली नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "वाघोलीला कुठली बस जाते?"

केतकीला मी फोन केला. भेटायला तयार होईना. मग म्हणाली, कॉलेजबाहेरच्या अमृततुल्यात दहा मिनिटं येईन, तुमच्यासाठी. ती आली तेव्हा बाई बाकावर अगदी ताठ बसल्या होत्या. समोरचा चहा तसाच होता, तो कुणी कसा केला हे न दिसल्यामुळे.

"कॉलेज, बस," बाई म्हणाल्या.

"माझं नाव केतकी आहे."

"माहीत आहे." बाईंनी घसा साफ केला. "केतकी, चूक माझी आहे. तू घेतलं नव्हतंस."

"आता कळलं का?"

"नाही. तेव्हाही माहीत होतं."

मला वाटलं, एवढं खरं बोलायची काय गरज होती. केतकीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तेव्हा माहीत होतं? मग हे तर जास्त वाईट आहे, बाई. तुम्हाला खरंच वाटलं असतं तर मी समजू शकले असते."

"हो. जास्त वाईट आहे."

"मग कोणी केलं?"

"ते सांगणार नाही."

"वा! म्हणजे आता मी बाकीच्यांवर डाउट घेत बसू? या ताईंवर?"

"माझ्यावर घे," बाई म्हणाल्या. "मी तशीच आहे."

 आजूबाजूला पोरं मोठमोठ्यानं सबमिशनबद्दल बोलत होती. केतकी उठली, पाठीवर सॅक चढवली. "माझी वही तुमच्याकडे आहे. रविवारी येऊन घेऊन जाईन. फक्त वही."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या. "वहीसाठी येते म्हणाली. खोटं वाटलं का तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही."

रविवारी केतकी आली. बसली नाही. टेबलापाशी उभी राहून फडक्याखालची वही काढत होती, तेवढ्यात बेल वाजली. बाई दारापाशी गेल्या, भिंगातून पाहिलं आणि काहीही न विचारता दार उघडलं.

काका होते. तीन-चार महिन्यांत बरेच खंगले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. हातात पेरूंची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"अरे वा, सगळे आहात," ते म्हणाले. खरं तर आम्ही तिघीच होतो. ते स्वतःच्या जागेवर जाऊन बसले. "बाई, तुमच्याकडे यायला तोंडच नव्हतं. वही मुलीच्या हाती पाठवली, स्वतः आलो नाही. पण ती म्हणाली, बाबा, थांबा, आपण बाईंना सरप्राइज देऊ. आधी काही सांगू नका."

त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं. आत तीच डायरी होती. कावळ्यांची शाळा.

"हिच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबणार होतो, मग म्हटलं कशाला थांबायचं. मुलीनं हॉस्पिटलात त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, वही परत केल्यावर आईला बघता यावं म्हणून. मग आई नाहीच राहिली. पोरीचा स्टेशनरीचा छोटा व्यवसाय आहे, तर म्हणाली आईच्या आठवणीसाठी छापू. नातेवाइकांना दिल्या, उरलेल्या स्टॉलवर ठेवल्या. पहिल्या पानावर बघा." काकांनी पान उलटलं. तिथे बारीक अक्षरात 'आईसाठी' छापलेलं होतं. "बाई, तुम्हाला राग नाही ना आला? तुम्ही दाखवू नका म्हणाला होतात. मी पोरीला सांगितलं होतं. पण ती म्हणाली, बाईंना आनंदच होईल."

 मी बाईंकडे पाहिलं. बाई काकांकडे बघत नव्हत्या, केतकीकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत बाईंचे डोळे मी रागीट पाहिले होते, बारीक केलेले पाहिले होते, मिटलेले पाहिले होते. तसे कधी पाहिले नव्हते. बाई त्या पोरीकडे अक्षरशः काहीतरी मागत होत्या.

केतकीला सगळं कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काय आलं ते मला सांगता येत नाही. काकांनी आशेनं तिच्याकडे पाहिलं. "तुला कशी वाटली गं? तू त्यातलं शिकतेस."

केतकीनं डायरी हातात घेतली. जणू पहिल्यांदाच बघत होती.

"प्रिंट जरा डार्क आलंय, काका," ती म्हणाली. "पण खूप छान झालीय."

"हो ना?" काकांचा चेहरा उजळला. "ओणव्या कावळ्यावर ही रोज हसायची."

"छपाई बरी आहे," बाई म्हणाल्या. डायरी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली आणि चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, आधण उकळून उकळून आटत आलं होतं. मी गॅस बारीक केला. बाहेरून काकांचा आवाज येत होता, आणि खुर्ची ओढल्याचाही. केतकी बसली होती.

"ती असं का म्हणाली?" बाईंनी हळूच विचारलं.

"कसं?"

"छान झालीय म्हणून. सगळं कळूनसुद्धा. काय हवंय तिला?"

"काही नको असेल, बाई."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या खोट्या बिलाकडे मी बघते. मग चार कप काढले.

केतकीनं ती वही तिथेच बसून पुरी केली. मग दुसरी सुरू केली. पुढे मी अमरावतीला परत आले तोपर्यंत ती दर रविवारी येत होती, काकाही येत होते. तिनं बाईंकडे कधीही काहीही मागितलं नाही. त्यामुळे बाई अखेरपर्यंत अस्वस्थ होत्या.